संरक्षणाचा अर्ज केला की पत्ता दलालाला कळतो?

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली एवढेच लिहिले : ‘हे खरे असेल, तर मी तिला अर्ज करू देणार नाही.’ ‘ती’ म्हणजे बहिणीकडे शिवणकाम शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. नोकरीच्या आमिषाने तिला नेऊन विकले होते. आता तिची सुटका झाली आहे आणि साक्ष व्हायची आहे. तस्करीतून सुटलेल्यांनी न्यायालयाकडे संरक्षण मागूच नये, असे तो संदेश पाच कारणे देऊन सांगतो.

त्यातले सर्वांत घातक कारण पहिलेच आहे : अर्जातला पत्ता आणि फोन नंबर आरोपीला मिळतो. हे लिहिणाऱ्याने साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ उघडूनही पाहिलेली नाही. महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी ही योजना मान्य केली आणि कायदा होईपर्यंत तिलाच कायद्याचे बळ दिले. तिच्यानुसार अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो. पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी धोक्याचा गोपनीय अहवाल पाच कामकाजी दिवसांत देतो आणि अहवाल हाती आल्यापासून आणखी पाच कामकाजी दिवसांत निर्णय व्हायचा असतो. जिवाला तातडीचा धोका असेल, तर तोवर अंतरिम संरक्षण देता येते. सुनावणी बंद दाराआड होते. आरोपीला नोटीस काढून त्याचे म्हणणे ऐकण्याचा टप्पा या योजनेत नाही, आणि निर्णयाविरुद्ध फेरविचार मागण्याची मुभाही साक्षीदार व पोलीस यांनाच आहे. गंमत अशी, की ज्या फोन नंबरच्या नावाने ही भीती घातली जाते, तो बदलून देण्याची सोय याच योजनेतल्या उपायांच्या यादीत आहे. न्यायालयात आरोपी समोर येऊ न देणे, ये-जा करताना सोबत देणे आणि तात्पुरते दुसरीकडे राहायला हलवणे हे उपायही तिथेच दिलेले आहेत.

‘स्वतःच्या पायाने गेलेलीला संरक्षण नाही,’ हे दुसरे कारण. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ स्पष्ट म्हणते, की तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे. याहून अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

‘वकिलाचा खर्च झेपणार नाही,’ हे तिसरे कारणही पोकळ आहे. हा अर्ज तिला स्वतःला, घरच्यांना किंवा तपास अधिकाऱ्यालाही करता येतो. वकील लागलाच, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ खाली तस्करीची पीडित व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे.

‘असा वेगळा कायदाच नाही,’ हे मात्र अर्धे खरे आहे. खास तस्करीच्या पीडितांसाठी आणलेले विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत मंजूर न होता पुढच्या वर्षी बाद झाले. म्हणून आजही साक्षीदारांसाठीच्या योजनेवर भिस्त ठेवावी लागते. ‘संरक्षणाच्या नावाखाली कोंडून ठेवतात,’ हे पाचवे कारणही मी नाइलाजाने थोडे मान्य करतो. पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ खाली सुटका झालेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो, आणि इच्छेविरुद्ध अडकलेल्या प्रौढ स्त्रियांच्या प्रकरणांचा आढावा घेण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२मध्ये द्यावे लागले. पण तो आदेश दंडाधिकारी वेगळ्या कायद्याखाली काढतात. साक्षीदार संरक्षणाचा अर्ज केल्याने कोणी संरक्षणगृहात जात नाही. दोन आदेशांची अशी सरमिसळ अज्ञानातून झाली की मुद्दाम केली, हे मला ठरवता येत नाही.

घाबरवायचेच होते, तर संदेशात खरी अडचण लिहायची होती. हे संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि साक्षीची तारीख त्याहून पुढे सहज जाते. बहिणीला मी तेवढेच कळवले : गुन्हा ज्या जिल्ह्यात घडला, तिथे अर्ज द्या आणि संरक्षण मिळाले, की त्याची मुदत संपण्याचा दिवस लगेच लिहून ठेवा.