कॅथोलिक पुण्यावर तरतात आणि प्रोटेस्टंट फुकटात?

गुड फ्रायडे जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं तीन वाक्यांत असं: कॅथोलिक स्वतःच्या पुण्याईवर तरतात. प्रोटेस्टंटांना तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट, म्हणून ते कसेही वागले तरी चालतं. आणि सगळं देवाची कृपाच करणार, तर माणसाच्या इच्छेला अर्थ काय?

पहिलं वाक्य धडधडीत खोटं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला उत्तर द्यायला भरलेल्या कॅथोलिकांच्या ट्रेंट परिषदेनं १५४७ साली काढलेल्या निर्णयातलं पहिलंच कलम सांगतं की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढं नीतिमान ठरतो, असं म्हणणारा बहिष्कृत. त्याच्या हजार वर्षं आधी, ५२९ मध्ये, फ्रान्समधल्या ऑरेंज इथल्या चर्च-परिषदेनं विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते असं ठरवलं होतं. १९९९ साली कॅथोलिक आणि लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. मेसेज लिहिणाऱ्याचं भांडण अजून सोळाव्या शतकातच अडकलंय, आणि तेही त्याला नीट ठाऊक नाही.

दुसऱ्या वाक्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. ‘कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का?’ हा प्रश्न ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानंच बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारलाय आणि तिथंच ठाम नकार दिलाय. इफिसकरांस पत्रात ‘कर्मांनी नव्हे’ म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात सत्कर्मांसाठीच आपण निर्माण झालो असं येतं. लोक नववं वचन फॉरवर्ड करतात, दहावं गाळतात.

तिसरं वाक्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हिडकल धरणाचं पाणी पाटानं येतं, शेतकऱ्यानं फक्त बांध फोडून ते शिवारात घ्यायचं, असं उदाहरण सुचतं. पण ते लंगडं आहे, कारण बांध फोडायची बुद्धीही कृपेनंच होते असं ऑरेंजचं म्हणणं. फिलिप्पैकरांस पत्रात तर दोन्ही गोष्टी शेजारी आहेत: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही देवच तुमच्यात घडवतो. ‘कारण’ म्हटलंय, ‘तरीही’ नाही. देव करतो म्हणून माणूस बंधनातून मोकळा होतो, कामातून रिकामा नाही. ट्रेंटच्या चौथ्या कलमानंही, देवानं हलवलेली इच्छा निर्जीव वस्तूसारखी पडून राहते, हे मत फेटाळलं.

खरा मतभेद वेगळाच आहे: कृपा नाकारता येते का? कॅल्व्हिन या सुधारकाला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या डॉर्ट परिषदेनं (१६१८-१९) ज्यांना देवानं निवडलं त्यांच्यात ती निष्फळ होत नाही असं मानलं. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली याच्या मते कृपा सगळ्यांना आधीच गाठते, पण माणूस पाठ फिरवू शकतो. कॅथोलिकही नाकारता येते असंच म्हणतात. म्हणजे या प्रश्नावर मेथडिस्ट कॅल्व्हिनपेक्षा रोमच्या, म्हणजे कॅथोलिकांच्या, जवळ! बेळगावात तर हे अंगणातलंच आहे. १८२० मध्ये इथं आलेल्या लंडन मिशनरी सोसायटीत कॅल्व्हिनच्या परंपरेतली मंडळी बरीच होती, आणि १९०४ मध्ये तेच काम मेथडिस्टांकडे गेलं. तेव्हा ‘प्रोटेस्टंट असं मानतात’ म्हणणाऱ्यानं निदान यांतले कुठले, एवढं तरी सांगावं.