जीआरएन आणि कागदाचा मनोरा

ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं की पाठोपाठ ट्रेनिंग येतंच, पण हल्ली नुसतं ट्रेनिंग चालत नाही, ते एंगेजिंग लागतं. म्हणजे काय, तर खुर्च्या हलवायच्या आणि बीन बॅग आणून टाकायच्या. चाळिशी उलटलेल्या माणसाला बीन बॅगमध्ये बसवणं सोपं आहे हो, प्रश्न उठायचा असतो. मी उठायला लागलो तेव्हा ब्रेक झाला होता, उभा राहिलो तोवर पुढचं सेशन सुरू.

मग आइसब्रेकर. स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी सांगा आणि एक खोटी. आमच्या अकाउंट्सवाल्याने तिन्ही खऱ्या सांगितल्या, म्हणे खोटं सगळ्यांसमोर बोललं की ऑडिटला त्रास होतो.

त्यानंतर कागद आणि चिकटपट्टीचा मनोरा. का? टीमवर्क! आता खरेदीची ऑर्डर कशी टाकायची हे शिकायला आलेल्या माणसाने मनोरा का बांधायचा हे विचारायची सोय नसते, निगेटिव्ह ठरतो आपण. आमचा मनोरा पडला आणि ट्रेनर म्हणाले, वा, हेच तर लर्निंग आहे.

मग तो प्रसिद्ध त्रिकोण पडद्यावर आला. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, स्वतः केलेलं ९०. इतके गोल आकडे बघून मला शंका आली, कारण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये हा त्रिकोण, मूळचा शंकू, मांडला तेव्हा त्यात टक्केवारी नव्हतीच, ती नंतर कुणीतरी चिकटवली. मी नम्रपणे विचारलं. ट्रेनर म्हणाले, ग्रेट क्वेश्चन, आपण हा पार्किंग लॉटमध्ये टाकूया, आणि एक पिवळी चिठ्ठी भिंतीवर लावली. अजून तिथेच पार्क आहे.

सॉफ्टवेअर आलं शेवटी, जेवढा वेळ उरला होता तेवढ्यात. पीआर म्हणजे खरेदीची मागणी, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, एसएलए म्हणजे सेवा कशी आणि किती वेळात द्यायची याचा करार, सगळं एका दमात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून विसरण्याचा अभ्यास केला होता, १८८५ मध्ये छापला, त्यात दिसलं की सुरुवातीलाच भराभर विसरायला होतं. पण त्याने प्रयोग स्वतःवर केला होता, आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

खरं सांगू, मला रंगीत भिंती वगैरे काही नको. एक डमी लॉगिन द्या, चुकीची पीओ टाकू द्या, लाल एरर आली की ती मलाच निस्तरू द्या आणि आठवड्याने परत एकदा तेच न बघता करायला लावा. आपण आपलं आठवून केलं की जास्त टिकतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण याचे फोटो काय छान येणार! डोकं खाजवत स्क्रीनकडे बघणारी माणसं, कोण टाकणार ग्रुपवर?

शेवटी फीडबॅक. कर्कपॅट्रिक नावाच्या माणसाने ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, शिकलात का, कामात उतरलं का, फायदा झाला का. आमचा एचआर पहिल्याच पायरीवर बसकण मारतो, हसरा चेहरा दाबा आणि निघा. मी मात्र रकाना भरलाच, 'प्रॅक्टिस कमी पडली.'

दखल लगेच घेतली गेली. पुढच्या महिन्यात रिफ्रेशर आहे, मनोऱ्याचा.