६ आणि ३९ च्या मधला आकडा
तुमच्याकडच्या लसीकरणावरच्या लेखात म्हटलंय की राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात एक किलो डाळ दिल्याने मुलांचं पूर्ण लसीकरण ६ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं. मधला आकडाच गाळलाय. सेवा मंदिर संस्थेने काही गावांत डाळ न देता फक्त दर महिन्याला ठरल्याप्रमाणे शिबिरं भरवली होती, आणि तेवढ्यानेच प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे तिप्पट! आणखी काही गावांत अशाच शिबिरांसोबत प्रत्येक लसीला डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटांचा संच मिळाला, तिथे ३९. डाळीचा उपयोग मोठा आहे हे मला मान्यच आहे. डाळ देऊनही दर बालकामागचा खर्च कमीच आला, कारण एका सत्राला जास्त मुलं आली. पण ती डाळ उभी होती न चुकता येणाऱ्या नर्सवर.

मी आशा सेविका म्हणून पाड्यांवर काम करते. "आयांना लसीचं महत्त्व कळत नाही" हे लेखातलं वाक्य मला लागलं. आमच्याकडे बाया बुडती मजुरी सोसून, लेकरू कडेवर घेऊन येतात. एकदा सत्र ऐनवेळी रद्द झालं, नर्सताईंची ड्यूटी दुसरीकडे लावली होती. पुढच्या महिन्यात त्याच बायांना बोलवायला गेले तर म्हणाल्या, "ताई, आधी त्या आल्यात का बघ, मग सांग." यात त्यांचं काय चुकलं? अशा ठिकाणी आधी सत्राचा दिवस पाळा, डाळ त्यानंतर द्या.