चित्रांमुळे शब्द सुटत नाहीत

'चित्रं आली की मूल शब्द टाळायला शिकतं' हे, शाळांनी चित्रकादंबऱ्या (चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तकं) कमी कराव्यात असं सुचवणाऱ्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझी भाची खानापूरला सातवीत आहे. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि कन्नड. नुसत्या मजकुराचं इंग्रजी पुस्तक ती चौथ्या पानावरच मिटायची. दिवाळीच्या सुट्टीत काझू किबुइशी यांच्या 'अ‍ॅम्युलेट'चा (इंग्रजी चित्रकादंबऱ्यांची मालिका, २००८ ते २०२४, एकूण नऊ भाग) पहिला भाग तिला दिला, तर पोरगी जेवायला उठेना. सुरुवातीलाच नायिका एमिलीचे वडील गाडीच्या अपघातात जातात. त्या पानावर ती किती वेळ बोट ठेवून बसली होती! पुढे एमिलीला पणजोबांच्या घरात ताईत सापडतो. तो तिच्याशी बोलतो, ताकद देऊ करतो. 'मावशी, ताईत सांगतो ते सगळं ऐकायचं नसतं ना?' असं तिनं मला विचारलं. हे वाचन नव्हे तर काय?

आणि शब्दांचं म्हणाल तर, अडलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दापुढं तिनं पेन्सिलीनं मराठी आणि कन्नड अर्थ लिहिलेत. 'शाप' दोन्हीकडं सारखाच निघाला, तेव्हा वही घेऊन धावत आली होती. आम्हीही चांदोबात विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत आधी बघायचो, मग गोष्ट वाचायचो. लेखकांनी शाळांना 'अशी पुस्तकं कमी करा' असं सुचवलंय, ते कृपा करून मागं घ्यावं. आमच्या भागातल्या वाचनालयांत ती मुळातच दिसत नाहीत, मराठीत तर फारच विरळा.