आजार बेताचा असता तर

'स्पष्टवक्ता' यांना,

तुम्ही खरं नाव दिलेलं नाही. आईने 34 वर्षं नोकरी केली असं लिहिलंय, त्यावरून माझ्यापेक्षा बरेच मोठे असाल असं धरून काका म्हणते. चालेल ना? मला 'ताईसाहेब' म्हणताना तुमच्या मनात काय होतं ते पोचलं.

ज्यांनी यांचा प्रतिसाद वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ल्युपस हा आजार झाल्यापासून पदवी हातात येईपर्यंतच्या सहा वर्षांवर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: परीक्षेत जादा वेळ मागणं हा इतर मुलांवर अन्याय आहे, लेखात एक आकडा चुकलाय, वर्षं वाया घालवायची चैन सगळ्यांना परवडत नाही हे मी लिहिलेलं नाही, त्यांच्या आईने संधिवात असून कधी सवलत मागितली नाही. आणि शेवटी हे वाक्य: "पदवी घेतलीत, आता एम. ए. करताय, फोटोत छान हसताय, म्हणजे आजार बेताचाच असणार."

आधी चूक कबूल करते. लेखनात अडचण असणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला अर्धा तास जादा मिळतो असं मी लिहिलं होतं. ते 20 मिनिटं हवं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. मी हेकेखोर नाही.

आता 'बेताचाच'कडे येऊ.

2013 साली मी सांगलीत बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रॅक्टिकल सकाळी आठला. ल्युपसच्या सांध्यांचं असं की सकाळी ते ऐकतच नाहीत, दहा-साडेदहाला कुठे बोटं वळायला लागतात. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या प्रयोगात, शेवटी ब्युरेटची (काचेच्या मोजनळीची) तोटी अगदी हलक्या हाताने फिरवावी लागते, एक थेंब, मग अर्धा थेंब. त्यात घातलेल्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा रंग कसा, जेमतेम गुलाबी दिसला की थांबायचं. माझ्या बोटांना तोटी बंदच व्हायची नाही. रोज फ्लास्कमध्ये गडद राणी रंग. आमचे सर फ्लास्क उचलून वर्गाला दाखवायचे, "ही बघा, साडी रंगवत्येय." वर्ग हसायचा, मीही हसायचे. त्या दिवसांतला फोटो असता तर त्यातही मी हसतानाच दिसले असते, काका.

निदानाला 11 महिने लागले. आधी रक्त कमी, मग टायफॉइड, मग 'परीक्षेचं टेन्शन'. गालांवर लाल चट्टे आले तेव्हा शेजारच्या काकूंनी कोरफड लावायला दिली. केस फणीत यायला लागले तेव्हा आई घाबरली, आणि मिरजेच्या एका डॉक्टरांनी एएनए ही रक्ताची तपासणी करायला सांगितली. निघाला ल्युपस. शरीराचं संरक्षक सैन्य शरीरावरच उलटतं, हा आजार एवढाच आहे. दहातल्या नऊ रोगी बायका, आणि तोही ऐन शिकायच्या, लग्नाच्या, नोकरीच्या वयात गाठतो. कायमचा बरा करणारं औषध आजही नाही, काबूत ठेवणारी आहेत.

त्यातलं पहिलं स्टिरॉइड. दिवसाला 40 मिलिग्रॅम. दोन महिन्यांत चेहरा असा गोल झाला की मामेबहिणीच्या लग्नात आत्या म्हणाली, "बरं झालं बाई, बाळसं धरलंस." त्याच आठवड्यात माझ्या लघवीत प्रथिनं सापडली होती, म्हणजे आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आमच्या या आजाराची गंमत अशी की आम्ही सगळ्यात 'छान' दिसतो तेव्हा सगळ्यात जास्त औषधावर असतो. तुम्ही ज्या फोटोबद्दल बोलताय तो पदवीचा. संध्याकाळी साडेसहाला काढलाय, कारण उन्हात उभी राहिले तर अंगावर पुरळ येतं आणि मागोमाग ताप. फोटोनंतरचे दोन दिवस मी अंथरुणात होते. त्याचा फोटो कुणी काढत नाही, आणि काढला असता तर तुम्हीच म्हणाला असता की सहानुभूतीचं दुकान मांडलंय.

म्हणजे हसले तर आजार खोटा आणि रडले तर मी खोटी. मग तुम्हीच सांगा कसं दिसायचं ते, तसं दिसते.

आणि 'पदवी घेतलीत'. कशी घेतली? बी. एस्सी. सुटलं. 75 टक्के हजेरी भरत नव्हती. मेडिकल सर्टिफिकेट घेऊन गेले तर खिडकीतले क्लार्क म्हणाले, "ही तर सगळेच आणतात." एटीकेटी झाली, मग तीही राहिली. 2016 मध्ये मुक्त विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद लोक थट्टेने म्हणतात. माझ्या घरी मात्र ती खरंच आली. पुस्तकं उशाशी असायची, ताप नसेल त्या दिवशी दहा पानं, असेल त्या दिवशी शून्य. पेपरला पेनला रुमाल गुंडाळून लिहायचे, जाड धरलं की बोटं कमी दुखतात. जादा वेळ? एक मिनिट मिळालं नाही, तेव्हा अन्याय कुणावर झाला असेल तर तुम्हीच हिशेब करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, ल्युपस नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार या यूपीएससीच्या परीक्षार्थीच्या प्रकरणात सांगितलं की लेखनिक देताना 40 टक्के दिव्यांगतेची अट लावता येणार नाही. तोवर माझी बी. ए. होऊन दोन वर्षं झाली होती.

बेताच्या आजाराचा आणखी एक नमुना. 2020 च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालतं अशी हवा झाली. ती आमची रोजची गोळी. बाबा सांगली-मिरजेची सात मेडिकलं फिरले. एकाने विचारलं, "कोरोनावाली ना? संपली. तुम्हाला कशाला हवी, पेशंट आहे का घरात?" सात दुकानांत मिळून दोन पट्ट्या.

तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण 34 वर्षांत त्यांनी तक्रार केली नाही, की तुम्हाला ती ऐकू आली नाही, हे एकदा त्यांना विचारून बघा. हे जरा जास्त झालं, कळतंय मला. पण तुम्ही माझ्या सहा वर्षांना एका शब्दात बसवलंत, तेव्हा असू दे.

पैशाचा मुद्दा राहिला. हो, बाबांची नोकरी होती आणि घर स्वतःचं होतं. तो वेगळा विषय आहे, त्यावर सवडीने लिहीन, इथे फाटे फोडत नाही.

मुद्दा कुणीही मांडावा, माझं काही म्हणणं नाही. पण समोरच्याला आधी खोटं ठरवायचं आणि मग खाली 'राग मानू नये' असं लिहायचं, याला आमच्याकडे स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत. काय म्हणतात ते वयाचा मान ठेवून लिहीत नाही.

तुमचा प्रतिसाद काढलेला नाही, काढणारही नाही. उत्तर द्यायचं तर जरूर द्या, फक्त उद्या लगेच वाचलं जाणार नाही. त्याच हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळीमुळे दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो, उद्या तारीख आहे. थेंब घातले की संध्याकाळपर्यंत अक्षर दिसत नाही.