सुरक्षेच्या खटल्यातला सरकारी वकील पोलिसांचा माणूस नसतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लॉ करणाऱ्या मराठी मुलांना उद्देशून लिहिलेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यांत सरकारी वकील व्हायला दिल्ली-बेंगळूरच्या बड्या कॉलेजचा शिक्का लागतो, तो वकील म्हणजे पोलिसांनी लिहून दिलेलं वाचून दाखवणारा माणूस, 'देशाची सुरक्षा' म्हटलं की कोर्ट पुढे काही विचारत नाही, त्यामुळे अभ्यासही फारसा लागत नाही, आणि सीमाभागातल्या मराठी मुलांना तर तिथं दारच बंद आहे.

मी बेळगावात फौजदारी वकिली करतो, बहुतेक बचावाच्या बाजूने. माझ्या ऑफिसात बसणाऱ्या ज्युनिअरने हा मेसेज वाचून एपीपीच्या, म्हणजे सहायक सरकारी वकिलाच्या, परीक्षेचा बेतच सोडून दिला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कॉलेजचं बघू, ते लवकर आटपेल. २०१७ ते २०२२ या काळात देशाचे अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील, असलेले के. के. वेणुगोपाल कायदा शिकले ते आपल्या बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात. कसाबचा खटला चालवणारे उज्ज्वल निकम जळगावात शिकले आणि जळगावच्याच जिल्हा कोर्टात उभे राहिले. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणा, तिचा कायदा २००८ सालचा. त्याच्या कलम १५ मध्ये सरकारी वकिलाची पात्रता दिली आहे: किमान ७ वर्षं वकिली, किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर तेवढीच वर्षं. कॉलेजचं नाव त्यात कुठेच नाही. मोठ्या शहरात ओळखी लवकर होतात हे खरं, पण तो कायद्याने घातलेला अडसर नव्हे.

'पोलिसांचा माणूस' हा आरोप मात्र गंभीर आहे, आणि मुळातच चुकीचा आहे.

यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, त्याखाली अटक झाली की आरोपपत्रासाठी ९० दिवस मिळतात. तेवढ्यात तपास संपला नाही, तर कलम ४३ड(२) प्रमाणे कोर्ट ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. पण कशाच्या आधारावर? तपास अधिकाऱ्याच्या अर्जावर नाही. सरकारी वकिलाचा अहवाल लागतो. तपास कुठवर आला आणि या माणसाला ९० दिवसांनंतरही आत ठेवण्याची नेमकी कारणं काय, हे त्यात असावं लागतं. आता प्रत्यक्षात काय घडतं ते डोळ्यांपुढे आणा. मुदत संपायला थोडे दिवस उरलेत, अधिकारी फाईल घेऊन समोर बसलाय, लॅबचा रिपोर्ट आलेला नाही, वरून फोन चालू आहेत. वकिलाने फाईल न वाचता सही केली तर तो अहवालच टिकत नाही, आणि अहवाल नसेल तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात अशाच तरतुदीवर सुप्रीम कोर्टाने हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात, १९९४ साली, सांगून ठेवलंय की सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांचा अर्ज पुढे ढकलणारं पोस्ट ऑफिस तर नाहीच नाही. पुढच्याच वर्षी एस. बी. शहाणे खटल्यात, आणि तो महाराष्ट्रातलाच, सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या ताब्यातून काढून वेगळं करायला कोर्टाने सांगितलं.

हे सगळं दिल्ली-बेंगळुरातच घडतं असंही नाही. खानापूरच्या जंगलपट्टीत रानडुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब सापडले की १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो. त्याच्या कलम ७ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या संमतीशिवाय खटला चालूच शकत नाही. संमतीचा आदेश वेळेत आहे का, पंचनाम्यावरच्या सीलचा ठसा आणि लॅबला पोचलेल्या पाकिटावरचा ठसा एकच आहे का, मुद्देमाल मधल्या काळात कुठं आणि कुणाच्या ताब्यात होता: आम्ही बचाववाले पहिल्यांदा याच जागा धरतो. चांगला पी.पी., म्हणजे सरकारी वकील, त्या आमच्या आधी धरतो आणि फाईल पोलिसांकडे परत पाठवतो. त्या वेळी तो पोलिसांना नकोसा होतो, पण खटला उभा राहतो तो त्यानेच. सुरक्षेच्या कायद्याची खरी तालीम इथं, सेशन्स कोर्टात होते. बेळगावच्या हिंडलगा तुरुंगातून जानेवारी २०२३ मध्ये नितीन गडकरींच्या नागपूरच्या ऑफिसात धमकीचे फोन गेले आणि पुढे ते प्रकरण एनआयएकडे गेलं, हे आपल्याला माहीत आहेच. असा फोन कोर्टात सिद्ध करायचा तर कॉल रेकॉर्ड लागतं, आणि रेकॉर्डबरोबर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र. चोरीच्या मोबाईलच्या खटल्यातही तेच लागतं.

दबाव येत नाही असं मी म्हणणार नाही. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आरोपींबाबत नरमाईने घ्या असा निरोप एनआयएच्या अधिकाऱ्याकडून आपल्याला आला. एनआयएने ते नाकारलं. खरं-खोटं काहीही असो, पोलिसांचा माणूस असं बोलत नाही. स्वतःचं काम वेगळं आहे हे ओळखणारा वकील बोलतो.

तिसरा मुद्दा, कोर्ट काही विचारत नाही म्हणे. राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात वर्तमानपत्रांत आलेले संरक्षण खात्याचे कागद कोर्टाने बघूच नयेत, असा आक्षेप सरकारतर्फे खुद्द वेणुगोपालांनी घेतला. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याचा आधार दिला. १० एप्रिल २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप फेटाळला. पुढे नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, म्हणजे शेवटी निकाल सरकारच्या बाजूने लागला, पण कागद विचारात घेतल्यावर. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, ऑक्टोबर २०२१ ला, कोर्टाने बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून दर वेळी सरकारला मोकळीक मिळणार नाही. मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीवर सुरक्षेच्या कारणाने घातलेली बंदी ५ एप्रिल २०२३ ला उठली, आणि बंद लिफाफ्यात कागद देण्याच्या पद्धतीवर कोर्टाने कडक ताशेरे ओढले. २६/११ च्या खटल्यातही कसाबबरोबरचे दोन भारतीय आरोपी सुटले, आणि त्यांची सुटका २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली. अभ्यास लागत नाही म्हणणाऱ्याने यातला एक तरी निकाल मुळातून वाचावा.

राहिला आपला मुद्दा, मराठी मुलांचा. या मेसेजमधलं एवढंच वाक्य मला खरोखर लागलं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. जिल्ह्याच्या पी.पी.च्या नेमणुकीत राजकारण असतं, सरकार बदललं की नावं बदलतात. पण एपीपी ही परीक्षेतून भरली जाणारी कायम नोकरी आहे, तिथं आमदाराची चिठ्ठी लागत नाही. कन्नड लागतं, लिहिता-वाचता येईल इतकं. बेळगावात वाढलेल्या किती मुलांना ते खरोखर अशक्य आहे? बाजारात, बसमध्ये, तालुका कचेरीत आपण ते वापरतोच; लिपी आणि कोर्टाची भाषा तेवढी नेटाने शिकावी लागते. उलट खानापूरकडचा साक्षीदार मराठीत बोलतो आणि जबानी कन्नडमध्ये उतरते, तेव्हा दोन्हीकडचं नेमकं कळणारा वकील सरकारला हवाच असतो. जबानीचं चुकीचं भाषांतर जागच्या जागी पकडणारा माणूस नसला, तर एखादा निर्दोष आत जाऊ शकतो किंवा दोषी सुटू शकतो.

इथं गल्लोगल्ली अशी घरं आहेत की ज्यांनी काळ्या दिवसाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीवरून खटले अंगावर घेतलेत. सरकारी वकिलाला समोरच्या बाजूला उभं राहिलेलं त्यांनी पाहिलंय. अशा घरातल्या मुलीने किंवा मुलाने ते काम करू नये, असं मला अजिबात वाटत नाही. कलम लावताना हात कुठं थांबवायचा, हे त्यांना पुस्तकाबाहेरूनही कळतं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात असून लष्कराच्या जॅग, म्हणजे कायद्याचं काम बघणाऱ्या, शाखेबद्दल इथं कुणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. लॉची पदवी किमान ५५ टक्क्यांनी, वय २१ ते २७, सीएलएटी-पीजी या कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण, मग एसएसबीची, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाची, मुलाखत. मुलींसाठी जागा वेगळ्या आणि कमी ठेवण्याची पद्धत सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी रद्द केली. सीबीआयचे सहायक सरकारी वकील यूपीएससीतून घेतले जातात.

माझ्या ज्युनिअरने आता कन्नड टायपिंगचा क्लास लावलाय.