पीके म्हणजे नुसतं ‘व्होकल टॉनिक’? अजिबात नाही

जुन्या कोलकात्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं: दोन मोठ्या प्रशिक्षकांपैकी डोकं अमल दत्तांचं, पी. के. (पीके) बॅनर्जींकडे फक्त वाणी. ड्रेसिंग रूममध्ये भाषणाचं ‘व्होकल टॉनिक’ देऊन खेळाडूंना पेटवायचं, झालं. बाकी मोठ्या क्लबांचे तयार खेळाडू आयते मिळाले आणि भारतासाठी प्रशिक्षक म्हणून काहीच केलं नाही. हे वाचलं की राग येतो, कारण निकाल काही वेगळंच सांगतात.

भाषणाने एखादा सामना फिरतो, अख्खा मोसम नाही. १९७२ मध्ये पीके कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबला प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच वर्षी संघाने एकही गोल न खाता कलकत्ता लीग जिंकली. चेंडू हातचा गेला की कोणी मागे धावायचं, कोणी जागा धरायची, हे सरावात घोटून घेतल्याशिवाय असा बचाव उभा राहत नाही.

१९७७ चं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं आहे. पेले न्यूयॉर्क कॉसमॉससोबत ईडन गार्डन्सवर उतरले, समोर ईस्ट बंगालचा कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागान, ज्याचे प्रशिक्षक आता पीके होते. पेलेंना रोखायचं काम गौतम सरकारकडे होतं आणि त्याने ते चोख केलं. श्याम थापा आणि हबीबने गोल केले, सामना २-२ असा सुटला. चारच दिवसांनी याच संघाने आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला हरवलं. त्या मोसमात ड्युरँड कप आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कपही त्यांनीच नेला.

आता ‘आयते खेळाडू’. खेळाडू उत्तम होते, हे खरंच. पण १९६९ नंतर मोहन बागानला लीग मिळाली नव्हती आणि १९७५ च्या शील्ड फायनलमध्ये पीकेंच्याच ईस्ट बंगालने त्यांना ५-० असं धुतलं होतं. पीके तिकडे गेले आणि १९७६ ची लीग बागानची झाली. स्वतः पीके तर खेळाडू म्हणून या दोन्ही क्लबांत कधीच नव्हते; ते ईस्टर्न रेल्वेचे, ज्यांनी १९५८ ची लीग जिंकून दाखवली.

१९९७ ची फेडरेशन कप उपांत्य फेरी भाषणाच्या बाजूने पुरावा म्हणून दिली जाते. तेव्हा दत्ता मोहन बागानचे आणि पीके ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते. दत्तांच्या ‘डायमंड’ या आक्रमक रचनेने आधी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० चिरडलं होतं. दत्ता धाडसी विचारांचे प्रशिक्षक होते, त्यांचं मोठेपण मला मान्य आहे. पण आक्रमणात इतकी माणसं वर गेली की मागे जागा सुटते, आणि तिथे ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियासारखा चपळ खेळाडू धावणार हे उघड होतं. भुतियाची हॅटट्रिक, ईस्ट बंगाल ४-१. हे निव्वळ जोशाने घडलं म्हणणं मला पटत नाही.

राहिला भारत. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये जी. एम. एच. बाशांच्या जोडीने पीके प्रशिक्षक होते. जपानला १-० हरवून भारताने कांस्य मिळवलं. १९८२ मध्ये दिल्लीत मात्र उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाने एका गोलने घरी पाठवलं, ते अपयश पीकेंच्या खात्यात नक्की धरा. पण १९७० नंतर एशियाड फुटबॉलचं पदक आपल्याला एकदाही मिळालेलं नाही, हेही त्याच खात्यात लिहायला हवं.